तुम्ही कुणाच्या तरी ‘पाइपलाइन’मध्ये आहात!

फक्त फी विचारायला फॉर्म भरला आणि फोन सुरू झाले? ते फोन माणूस लावतो, पण कुणाला आणि कधी लावायचा हे सॉफ्टवेअर सांगतं. ‘झोहो’ या चेन्नईच्या कंपनीची सेल्स आणि मार्केटिंगची टूल्स वापरून पाहिली, त्याचा हा रिव्ह्यू. पहिली नोकरी शोधणाऱ्यांनी, फेस्टसाठी स्पॉन्सर शोधणाऱ्यांनी आणि या फोनना वैतागलेल्यांनी वाचावा असा.

जरा फोन हातात घ्या आणि कॉल लॉग खाली सरकवत जा. सेव्ह न केलेले नंबर किती दिसतात? त्यातला एखादा तरी कुठल्याशा क्लासचा, युनिव्हर्सिटीचा नाहीतर ‘प्लेसमेंट गॅरंटी’वाल्या कोर्सचा असणार. तुम्ही काय केलं होतं? नाव, मोबाइल नंबर, बारावीचे टक्के टाकले आणि ‘सबमिट’ दाबलं. पाच मिनिटांत फोन. ‘मॅम, आपण आमच्या कोर्समध्ये इंटरेस्ट दाखवला होता.’ सुटका करून घ्यायची म्हणून तुम्ही म्हणालात, ‘परीक्षा झाल्यावर बघते.’

आणि परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ‘मॅम, पेपर कसे गेले?’

घरच्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं, यांच्या कसं लक्षात राहिलं? उत्तर सोपं आहे. त्या मुलीच्या अजिबात लक्षात नव्हतं. त्या दिवशी सकाळी तिने लॉगइन केलं तेव्हा तिच्या स्क्रीनवर तुमचं नाव, तुमचा नंबर आणि तुमचं ‘परीक्षा झाल्यावर बघते’ हे वाक्य वर आलेलं होतं. त्या स्क्रीनच्या भाषेत तुम्ही विद्यार्थी नाही, ‘लीड’ आहात. लीड म्हणजे गिऱ्हाईक होण्याची शक्यता असलेला माणूस. अशी सगळी माणसं ज्या टप्प्याटप्प्याने पैसे भरण्यापर्यंत सरकवली जातात, ती पाइपलाइन.

या सगळ्या कारभाराचं नाव सीआरएम, म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट. बीएमएसच्या पुस्तकात याची व्याख्या पाठ केली असेल, पण आत शिरून पाहिलंय का? आपल्यातल्या कितीतरी जणांची पहिली नोकरी या स्क्रीनसमोर बसून असणार आहे. मग ती पाहून ठेवलेली काय वाईट?

आधी होती एलआयसी एजंटची डायरी

सॉफ्टवेअर नवं असलं तरी कल्पना जुनीच. तुमच्या आईबाबांच्या ओळखीचा एलआयसी एजंट आठवा. कुणाचा हप्ता कधी, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाला नवी नोकरी लागली, सगळं त्याच्या डायरीत असायचं. वाढदिवसाला फोन यायचा आणि बोलता बोलता नव्या पॉलिसीचा विषय निघायचा. साडीच्या दुकानातले काका ‘मागच्या वेळी वहिनींनी मोरपंखी नेली होती’ म्हणतात, तेही सीआरएमच. फक्त डोक्यात ठेवलेलं.

अडचण एकच. एजंट निवृत्त झाला की डायरी त्याच्याबरोबर जाते. कंपन्यांना हेच नको होतं. म्हणून ही डायरी कॉम्प्युटरवर आली. १९९३ साली अमेरिकेत ‘सीबेल सिस्टिम्स’ सुरू झाली आणि मोठ्या कंपन्यांना हे सॉफ्टवेअर विकू लागली. ते विकत घ्यायचं, आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, महागडं काम. १९९९मध्ये ‘सेल्सफोर्स’ आली आणि म्हणाली, काही बसवू नका, ब्राउझर उघडा आणि दरमहा भाडं द्या. २००६मध्ये ‘हबस्पॉट’ आली. तिचं म्हणणं, लोकांच्या मागे धावू नका, उपयोगाचं काही लिहा म्हणजे लोकच तुमच्याकडे येतील. तुम्हाला ‘फ्री ई-बुक डाऊनलोड करा, फक्त ईमेल द्या’ असं जागोजागी दिसतं ना, ते या विचारातून फोफावलं.

मग झोहोच का?

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्याही ग्रुपवर कुणीतरी ‘चला अरट्टाईवर’ असा मेसेज टाकला असेल. केंद्रीय मंत्र्यांनी झोहोचं सॉफ्टवेअर आणि ईमेल वापरायला घेतल्याचं जाहीर केलं आणि चॅटिंगच्या या अ‍ॅपवर एकदम गर्दी झाली. पण झोहो ओळखली जाते ती चॅटिंगसाठी नव्हे, ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरसाठी.

कंपनी सुरू झाली १९९६मध्ये ‘अ‍ॅडव्हेंटनेट’ या नावाने. नेटवर्क सांभाळण्याचं सॉफ्टवेअर हा तेव्हाचा धंदा. झोहो सीआरएम आलं २००५मध्ये आणि २००९मध्ये कंपनीनेच झोहो हे नाव घेतलं. संस्थापकांपैकी श्रीधर वेंबू हे आयआयटी मद्रासचे. बाहेरच्या गुंतवणूकदारांचे पैसे न घेता वाढलेली कंपनी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तामिळनाडूत तेनकासीजवळच्या खेड्यात तिचं ऑफिस आहे आणि बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांना स्टायपेंड देऊन शिकवणारी स्वतःची शाळाही आहे. २०२३मध्ये कंपनीने १० कोटी वापरकर्त्यांचा टप्पा गाठल्याचं जाहीर केलं. आणखी एक गंमत. ‘फ्रेशवर्क्स’ ही चेन्नईची दुसरी कंपनी २०२१मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात पोचली. तिचे संस्थापक गिरीश मातृभूतम हे आधी झोहोतच नोकरीला होते.

आपल्यासाठी महत्त्वाचं कारण वेगळंच. झोहो सीआरएमची एक आवृत्ती ३ जणांपर्यंत फुकट आहे. क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसाला आत शिरून पाहता येतं. आपल्याला अजून काय हवं?

प्रयोग : फेस्टच्या स्पॉन्सरची यादी

नुसते फीचर वाचून काही कळत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजात असतं तेच काम घेतलं. फेस्टसाठी स्पॉन्सर शोधणं.

तुमच्याकडे हे कसं चालतं, मी सांगू? एक एक्सेल शीट असते. तिचं नाव ‘स्पॉन्सर फायनल’. मग ‘स्पॉन्सर फायनल २’. मग ‘स्पॉन्सर फायनल खरंच फायनल’. एकाच मोबाइलवाल्या दुकानदाराला दोन वेगळी मुलं दोनदा भेटून येतात आणि दोघं वेगवेगळी रक्कम सांगतात. कुणाला ‘दिवाळीनंतर या’ म्हटलेलं असतं, पण जायचं कुणी, ते ठरलेलं नसतं. आणि पुढच्या वर्षी नवी कमिटी येते तेव्हा जुनी शीट ज्याच्याकडे असते तो पुण्याला नोकरीला लागलेला असतो. पुन्हा श्रीगणेशा.

अशीच एक जुनी शीट घेतली. दुकानांची नावं ठेवली, पण माणसांचे खरे नंबर काढून खोटे टाकले. कारण त्यांनी नंबर फेस्टसाठी दिला होता, माझ्या प्रयोगासाठी नाही. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

शीट आत घेणं सोपं निघालं. फाइल अपलोड केली की झोहो विचारतं, तुमचा हा कॉलम आमच्या कुठल्या रकान्यात टाकू? एकच नोंद दोनदा आली तर काय करू? दोनदा भेटलेला मोबाइलवाला इथेच पकडला जातो. नावं मराठीत टाइप केली तरी चालतं.

पहिली अडखळायची जागा त्यानंतर येते. झोहोत लीड ‘कन्व्हर्ट’ केला की त्याचे तीन तुकडे होतात : अकाउंट, कॉन्टॅक्ट आणि डील. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर दुकान म्हणजे अकाउंट. गल्ल्यावरचे काका म्हणजे कॉन्टॅक्ट. आणि १० हजारांचा स्टॉल म्हणजे डील. असे तुकडे कशाला? कारण काका बदलतील, त्यांचा मुलगा दुकान बघायला लागेल, पण दुकान तेच राहील. आणि त्याच दुकानाशी पुढच्या वर्षी दुसरी डील होईल. हे एकदा डोक्यात बसलं की जगातलं जवळपास कुठलंही सीआरएम तुम्हाला परकं वाटणार नाही. सेल्सफोर्समध्येही हेच आहे, फक्त डीलला तिथे ‘ऑपॉर्च्युनिटी’ म्हणतात.

एक लाखाचे दहा हजार

मला सगळ्यात उपयोगाची वाटलेली गोष्ट दिसायला किरकोळ आहे. प्रत्येक डील कुठल्या टप्प्यावर आहे ते निवडायचं. पहिली भेट झाली, गरज समजली, रक्कम सांगितली, घासाघीस चालू, नक्की झालं, हुकलं. प्रत्येक टप्प्याला शक्यतेचा एक टक्का जोडलेला असतो. झोहो डीलच्या रकमेला त्या टक्क्याने गुणतं आणि ‘एक्स्पेक्टेड रेव्हेन्यू’ म्हणून आकडा दाखवतं.

आता हिशेब बघा. पाच दुकानदार प्रत्येकी २० हजार देतील असं कमिटी म्हणते. मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं जातं, ‘एक लाख आलेच समजा.’ पण पाचही जणांशी फक्त पहिली भेट झालीय. त्या टप्प्याची शक्यता १० टक्के धरली तर अपेक्षित रक्कम होते १० हजार. लाइट-साउंडवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी यातला कुठला आकडा समोर असावा, तुम्हीच ठरवा.

इथे एक खबरदारी. हे टक्के झोहोने आधीच भरून ठेवलेले असतात. ते तुमच्या कॉलेजच्या अनुभवातून आलेले नाहीत. गेल्या तीन वर्षांत ‘नंतर या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी खरंच पैसे दिले हे मोजून ते बदलायला हवेत. नाहीतर तो आकडा म्हणजे अंदाजाला घातलेला टाय.

सीआरएमचा पसारा फार वाटला तर झोहोचंच ‘बिगिन’ आहे. २०२०मध्ये आलेलं, छोट्या धंद्यांसाठी. यात रकाने कमी आणि सगळा खेळ एका फळ्यावर. प्रत्येक डील म्हणजे एक कार्ड, ते बोटाने एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सरकवायचं. फोनवर मस्त चालतं. डोंबिवलीत फराळाच्या ऑर्डर घेणारी मावशी, टी-शर्ट छापून विकणारा तुमचा मित्र किंवा फोटोग्राफीची कामं घेणारे तुम्ही, यांना बिगिन पुरतं. पण त्याची फुकट आवृत्ती एकाच माणसासाठी आहे. म्हणजे एकट्याचा धंदा असेल तर बिगिन आणि तिघांची कमिटी असेल तर सीआरएम, असा साधा हिशेब.

मार्केटिंगवाल्यांची पेटी

सेल्सवाला एकेकाशी बोलतो, मार्केटिंगवाला एकदम हजारोंशी. त्यासाठी झोहोची वेगवेगळी टूल्स आहेत. ‘फॉर्म्स’वर फॉर्म बनवा, आलेली माहिती थेट सीआरएममध्ये जाते. तुमच्या क्लासच्या फोनची गोष्ट इथूनच सुरू झाली होती. ‘सोशल’वरून इन्स्टा, फेसबुक, लिंक्डइनच्या पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येतात. फेस्टच्या पीआर टीमला याचा फायदा आहे, कारण रात्री दोन वाजता पोस्ट टाकायला जागं राहावं लागत नाही.

‘सेल्सआयक्यू’ पाहिलंत तर मात्र थोडं दचकायला होतं. वेबसाइटच्या कोपऱ्यात ‘हाय, मी काय मदत करू?’ म्हणणारा चॅटचा गोळा असतो ना, त्याची ही दुसरी बाजू. दुकानदाराच्या स्क्रीनवर दिसत असतं की आत्ता साइटवर कोण आलंय, कुठल्या शहरातून, किती वेळ थांबलंय, कुठलं पान पाहतंय आणि याआधी आलं होतं का. तुम्ही फीचं पान तीनदा उघडलंत तर ते तिथे दिसतं, आणि त्याचे मार्क देऊन ‘हा गरम लीड आहे’ असं ठरवायची सोयही आहे. परीक्षेत नाहीतरी इथे तरी मार्क मिळतात म्हणायचे!

‘कॅम्पेन्स’ हे एकगठ्ठा ईमेल पाठवायचं टूल. टेम्प्लेट छान आहेत, कुणी उघडला, कुणी लिंकवर क्लिक केलं याचे आलेख दिसतात. पण या आलेखाची एक मेख जाणून घ्या. ईमेल उघडला हे कळतं कसं? मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक पिक्सेलभर चित्र असतं. ते सर्व्हरवरून लोड झालं की ‘उघडला’ अशी नोंद होते. २०२१मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी चित्रं परस्पर आधीच लोड करायची सोय दिली. म्हणजे माणसाने मेल पाहिलाही नसेल, तरी तुमच्या रिपोर्टमध्ये तो ‘उघडला’ दिसू शकतो. इंटर्नशिपमध्ये बॉसला ‘सर, ओपन रेट जबरदस्त आहे’ सांगायच्या आधी क्लिक किती आले ते पाहा.

दुसरी मेख. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५ हजारांहून जास्त मेल पाठवत असाल तर मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय याचा तांत्रिक पुरावा हवा, एका क्लिकवर ‘अनसबस्क्राइब’ करता यायला हवं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. हा पुरावा द्यायला स्वतःचं डोमेन लागतं. फेस्टच्या साध्या जीमेल आयडीवरून अख्ख्या शहराला मेल धाडायचं स्वप्न असेल तर ते आताच गुंडाळून ठेवा.

काय खटकलं?

एक, गर्दी. झोहोची टूल्स इतकी आहेत की कुठलं कशासाठी, हे कळायलाच वेळ जातो. ‘कॅम्पेन्स’ आहे आणि ‘मार्केटिंग ऑटोमेशन’ही आहे. नवख्याने कुठला दरवाजा उघडायचा? कंपनीने २०१७मध्ये ‘झोहो वन’ या नावाने सगळ्यांचं एक गाठोडंच विकायला काढलं. मोठ्या ऑफिसला ते सोयीचं आहे. पण एकदा सगळा संसार एका घरात मांडला की घर बदलणं जड जातं, हेही खरं. म्हणून नवं टूल घेताना पहिला प्रश्न हा विचारा : माझी सगळी माहिती फाइल करून बाहेर काढता येते का? झोहो सीआरएममधून ती काढता येते.

दोन, फुकटची हद्द. फुकट आवृत्तीत ओळख होते, पण खरी जादू पैसे भरल्यावर. एखादी गोष्ट घडली की दुसरी आपोआप व्हावी, असे नियम जितके गुंतागुंतीचे तितका वरचा प्लॅन. तुम्ही चार दिवस वापरून ‘हे जमत नाही’ म्हणाल ते बऱ्याचदा जमत असतं, फक्त कुलूपबंद असतं.

तीन, आणि हा दोष एकट्या झोहोचा नाही. माहिती भरायचा कंटाळा. दुकानदाराला भेटून आल्यावर रिक्षात बसल्या बसल्या नोंद केली नाही तर ती कधीच होत नाही. आणि नोंद नसेल तर जगातलं सगळ्यात महागडं सीआरएमसुद्धा ‘स्पॉन्सर फायनल २’च आहे.

जमेची बाजूही सांगायला हवी. झोहो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जाहिराती दाखवत नाही आणि ग्राहकांची माहिती विकत नाही, असं कंपनी सांगते. २०२०मध्ये तिने आपल्या वेबसाइटवरून दुसऱ्या कंपन्यांचे ट्रॅकर काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं. भारतातल्या ग्राहकांची माहिती ठेवायला मुंबई आणि चेन्नईत तिची डेटा सेंटर्स आहेत. मात्र एक फरक समजून घ्या. झोहो ही डायरी बनवणारी कंपनी आहे. डायरीत तुमच्याबद्दल काय लिहायचं आणि ते वाचून कितीदा फोन करायचा, हे डायरी विकत घेणारा ठरवतो.

उद्या त्या खुर्चीत तुम्ही असाल

बीकॉम, बीए, बीएमएम, अगदी इंजिनीअरिंग करूनही आपल्यातले अनेक जण ‘बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट’, ‘इनसाइड सेल्स’, ‘अ‍ॅडमिशन काउन्सेलर’ अशा नावाच्या नोकरीत शिरतात. नाव काहीही असो, सकाळी लॉगइन केल्यावर समोर हीच स्क्रीन असते. आणि ती स्क्रीन फक्त गिऱ्हाइकाला मोजत नाही, तुम्हालाही मोजते. आज किती कॉल केले, किती मिनिटं बोललात, किती लीड पुढे सरकवले, किती ‘लॉस्ट’ झाले. मॅनेजरच्या डॅशबोर्डवर तुमच्या नावाचा एक खांब असतो आणि तो शेजारच्याच्या खांबापेक्षा उंच आहे की बुटका, हे सगळ्यांना दिसतं.

अशा ठिकाणी मोह होतो. महिनाअखेर टार्गेट पुरं नाही म्हणून ‘बघतो’ म्हणालेल्या माणसाला गुपचूप ‘निगोशिएशन’मध्ये ढकलायचं. शक्यता वाढली, खांब उंच झाला, मॅनेजर खूश. पुढच्या महिन्यात तोच आकडा तुमच्या मानगुटीवर बसतो, कारण मॅनेजरने वर सांगून ठेवलेलं असतं. म्हणून नोकरीला लागलात तर पहिल्या आठवड्यात एक गोष्ट विचारून घ्या : कुठल्या टप्प्याचा नेमका अर्थ काय? ‘प्रपोजल’ म्हणजे तोंडी सांगितलं की लेखी पाठवलं? जिथे याचं स्पष्ट उत्तर मिळत नाही, तिथे डॅशबोर्डवर भांडणं होणार हे पक्कं समजा.

आणखी एक. नोंदीत काय लिहिता ते जपून लिहा. ‘वडील वारले, आता बोलू नका, दोन महिन्यांनी’ ही चांगली नोंद आहे. पुढचा फोन करणारा माणूसपणाने वागेल. ‘बावळट आहे, पटकन गळाला लागेल’ ही नोंदही लोक करतात. ती वाचणारा कोण असेल, सांगता येत नाही.

आणि आज या बाजूला असाल तर

आता तो मघाचा मुद्दा. नंबर एका कामासाठी दिला तर तो दुसऱ्या कामासाठी वापरायचा का? भारतात यासाठी २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्यायची, ती मागे घ्यायची सोय द्यायची, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यायची, अशा गोष्टी त्यात आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे, त्यामुळे उद्या सकाळपासून फोन थांबतील अशा भ्रमात राहू नका. पण ‘माझी माहिती काढून टाका’ म्हणणं म्हणजे विनवणी नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

त्याआधीचं हत्यार तुमच्या हातात आहेच. १९०९ या नंबरवर फोन किंवा मेसेज करून जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस बंद करता येतात, तक्रारही करता येते. जाहिरातीच्या कॉलसाठी १४०ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून कुणी कोर्स विकत असेल तर तक्रारीत तेही लिहा.

आणि सगळ्यात साधा उपाय? फोनवर ‘बघते’, ‘नंतर सांगतो’, ‘घरी विचारते’ म्हणू नका. आपल्याला ते सभ्यपणाचं वाटतं, पण पाइपलाइनमध्ये त्याचा अर्थ ‘पुन्हा फोन करा’ असाच होतो आणि पुढची तारीख तिथल्या तिथे पडते. स्पष्ट सांगा, ‘मला नकोय, माझी नोंद बंद करा.’ समोरच्या मुलीच्या स्क्रीनवर त्यासाठीही एक पर्याय असतो. तुमच्यामागे वाया जाणारे तिचे दहा कॉल वाचतात, आणि तिच्या खांबालाही ते बरंच असतं.

कुणी काय करावं?

* फेस्ट कमिटी : झोहो सीआरएमची फुकट आवृत्ती, तिघांचं लॉगइन. अकाउंट कॉलेजच्या किंवा फेस्टच्या ईमेलवर उघडा, एखाद्या मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर नको. तो पास होऊन जाईल, यादी राहिली पाहिजे.

* एकट्याचा छोटा धंदा : बिगिन. पण ५० गिऱ्हाइकं व्हायच्या आत घाई नको. तोवर वही चालते.

* मार्केटिंगमध्ये करिअर : हबस्पॉट अकॅडमी आणि सेल्सफोर्सचं ट्रेलहेड, दोन्हीकडे फुकट शिकता येतं. तिथे शिका, झोहोत हात साफ करा. मुलाखतीत ‘मला सीआरएम येतं’ म्हणण्यापेक्षा ‘आमच्या फेस्टची पाइपलाइन मी अशी लावली होती’ हे सांगा.

* सगळ्यांनी : साइन अप करण्याआधी प्लॅनच्या अटी वाचा, त्या बदलत असतात. खेळून बघायला खोटे नंबर वापरा. आणि पुढच्या वेळी कुठलाही फॉर्म भरताना ‘सबमिट’च्या वरचं ते बारीक अक्षरातलं वाक्य वाचा. त्याच्या शेजारच्या चौकोनात टिकमार्क आधीच केलेला असेल, तर तो काढा.